आधी दुसरा, मग पहिला

पॉवर मेटल ऐकणाऱ्यांच्या तक्रारी मुळात दोनच, आणि पुष्कळदा त्या एकाच माणसाच्या तोंडून येतात. बँडने दुसरा अल्बम पहिल्यासारखाच काढला तर ‘यात नवीन काय?’ आणि वेगळा काढला तर ‘आता यांच्यात ती मजा राहिली नाही’. गेली पस्तीसेक वर्षं हे चालू आहे. हॅम्बर्गच्या हॅलोवीनपासून मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनपर्यंत कुणीच त्यातून सुटलेलं नाही. नांदगावात बसून ही सगळी मतं चाळताना मला मात्र सारखं वाटत आलंय, की यात एक बाजू कुणी मोजतच नाही. दुसरा अल्बम ‘दुसरा’ असतो तो पहिला ऐकून वाट पाहत बसलेल्याला. ज्याच्या पदरात बँडचे सगळे अल्बम एकाच दिवशी आणि उलटसुलट पडले, त्याच्या मताचं काय करायचं? तालुक्याच्या गावात मेटल ऐकणारे बहुतेक याच प्रकारातले.

हेवी मेटलची ही शाखा ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर युरोपात, त्यातही मुख्यतः जर्मनीत फुटली. दोन्ही पायांनी वाजवायचा बास ड्रम, जोडीने धावणाऱ्या दोन गिटारी, वरच्या पट्टीतला मोकळा आवाज आणि मैदानभर माणसांनी एकदम म्हणावं असं ध्रुपद. गाण्यांत तलवारी, ड्रॅगन, राजे, लांबचे प्रवास. डेथ मेटलमधली घशातली गुरगुर इथे नाही. गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो ज्याने जवळून ऐकलाय त्याला ही गिटार परकी वाटायचं कारण नाही. खाली ढोल एका लयीत धडधडतोय आणि वर बेंजोवाला एकेक सूर चार-चारदा छेडत चाल पळवतोय, तोच प्रकार. आमच्याकडे पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी नाक मुरडलं ते गिटारीला नाही, एकेक गाणं सात-सात मिनिटं चालतं याला.

हे नांदगावात पोचलं कसं, यावर मतांचा निम्मा हिशेब अवलंबून आहे. मुंबईपासून पावणेतीनशेहून जास्त किलोमीटरवर, मनमाड सोडल्यावर भुसावळच्या वाटेवरचं हे स्टेशन. नव्वदच्या दशकात नाशिकला कॅसेटच्या दुकानात मेटालिका किंवा आयर्न मेडन मिळून जायचे. हॅलोवीन मागितलं की दुकानदार आधी नाव दोनदा विचारायचा आणि मग ‘मुंबईला बघा’ म्हणायचा. मुंबईला बघायचं म्हणजे काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस, जे २०१६मध्ये बंद पडलं. खरी आवक सुरू झाली एमपी-थ्री सीडीपासून. सीडीची जागा ७०० एमबी आणि १२८ केबीपीएसला मिनिटामागे साधारण एक एमबी, म्हणजे पाऊण तासाचे पंधरा अल्बम एका सीडीवर आरामात बसायचे. नाशिक-पुण्याच्या हॉस्टेलवर शिकणारी पोरं सुटीत येताना अशा सीडी आणायची, आणि त्यात एखाद्या बँडचा पहिल्यापासून आजपर्यंतचा सगळा संसार असायचा. पुढे मेमरी कार्ड आलं. मोबाइलच्या दुकानात थोड्या पैशांत कार्ड ‘भरून’ मिळायचं, पण तिथे रिमिक्स, लावण्या, भीमगीतं. मेटल हवं असेल तर मित्राच्या कंप्युटरसमोरच जाऊन बसावं लागे, तेही भारनियमनाचं वेळापत्रक पाहून.

आता कंप्युटर अल्बम लावतो ते इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे, सालाप्रमाणे नाही. ड्रॅगनफोर्सचं फोल्डर उघडलं की क्रम दिसायचा असा: ‘इनह्यूमन रॅम्पेज’ (२००६), ‘सॉनिक फायरस्टॉर्म’ (२००४), ‘अल्ट्रा बीटडाउन’ (२००८), ‘व्हॅली ऑफ द डॅम्ड’ (२००३). म्हणजे तिसरा, दुसरा, चौथा आणि सगळ्यात खाली पहिला. हॅलोवीनच्या फोल्डरात १९९३चा ‘कमीलियन’ वरच्या बाजूला आणि १९८५चा ‘वॉल्स ऑफ जेरिको’ तळाशी. ‘कमीलियन’ हा बँडच्या जुन्या श्रोत्यांना सगळ्यात जास्त खटकलेला अल्बम. त्यात हॅलोवीनने आपली नेहमीची वाट जवळपास सोडूनच दिली होती आणि त्यानंतर गायकालाही बँड सोडावा लागला. आमच्यातला एकजण रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचा. त्याने सुरुवातच तिथून केली आणि त्याला तो फार आवडला. हा अल्बम वाईट म्हणायचा असतो, हे त्याला बऱ्याच वर्षांनी कळलं. तोवर उशीर झाला होता, त्याने मत बदललं नाही.

हॅलोवीनचंच उदाहरण जरा नीट पाहायला हवं, कारण दुसऱ्या अल्बमच्या वादाचा पायाच तिथे आहे. पहिल्या अल्बममध्ये गिटारवाला काय हान्सेन स्वतःच गायचा. गाणं आणि गिटार दोन्ही एकाच वेळी सांभाळणं जड जायला लागलं, म्हणून मिखाएल किस्के नावाचा अठरा वर्षांचा मुलगा घेतला. त्याच्यासह १९८७ आणि १९८८मध्ये ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’चे दोन भाग आले. बँडला खरं तर दोन्ही एकत्र, एकच जोड-अल्बम म्हणून काढायचे होते. कंपनी तयार झाली नाही. म्हणजे पॉवर मेटलच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला ‘पुढचा अल्बम’ हा योजनेप्रमाणे पुढचा अल्बम नव्हताच, तो मधून कापलेला उरलेला तुकडा होता. तरी त्याच्यावर मतं दिली गेली ती पुढचा म्हणूनच.

मतं दोन बाजूंची. पहिल्या भागाचे चाहते म्हणतात, यात प्रस्तावना आणि समारोपाचे छोटे तुकडे सोडले तर सहाच गाणी आहेत, एकही फालतू नाही आणि हान्सेनच्या लेखणीचा जोर सगळीकडे जाणवतो. दुसऱ्या भागाचे चाहते ‘ईगल फ्लाय फ्री’ आणि ‘आय वाँट आउट’ ही दोन नावं घेतात आणि वाद संपला असं समजतात. त्यावर पहिले म्हणतात, मग ‘राइज अँड फॉल’सारखा पोरकटपणा कुणाचा? दुसऱ्या भागात गिटारवाला मिखाएल वायकाथ आणि किस्के यांचा हात वाढला, गमतीजमती वाढल्या आणि त्यानंतर लवकरच हान्सेन बँड सोडून गेला, गामा रे नावाचा आपला वेगळा बँड घेऊन. हे ठाऊक असलेला श्रोता दुसऱ्या भागात फुटीच्या खुणा शोधत बसतो. ठाऊक नसलेल्याला त्या सापडत नाहीत. मला विचाराल तर अल्बम म्हणून पहिला सरस, सुटी गाणी दुसऱ्यात सरस. पण नांदगावात ज्यांनी दुसरा भाग आधी ऐकला, आणि तेच जास्त आहेत, त्यांना पहिला कायम तयारीचा, अर्धा भरलेला वाटत आलाय. त्यांच्या मतात संगीताची पारख कमी नाही. त्यांनी फक्त वेगळ्या दारातून प्रवेश केला.

इथे जाता जाता आपल्या बाजाराचं एक सांगायला हवं. मराठी कॅसेटच्या धंद्यात ‘भाग २’ हे कव्हरवर मोठ्या अक्षरात छापायचे ते गिऱ्हाइकाला खात्री द्यायला: भक्तिगीतं असोत, लोकगीतं असोत, मागच्या वेळी जे आवडलं तेच पुन्हा मिळेल. गायक वाढला, बदलला की नाही, ही अपेक्षाच नसायची. भाग २ पहिल्यासारखाच निघाला म्हणून कुणी दुकानात कॅसेट परत आणून दिल्याचं मी तरी ऐकलं नाही. रॉकच्या श्रोत्याने कलावंताकडून ‘प्रगती’ मागायची, ही सवय आमच्याकडे मेटलच्या मासिकांतून आणि मुंबई-पुण्याच्या मित्रांकडून आली, आणि आल्यावर आम्हीही ती मागायला लागलो. हॅलोवीनने २००५मध्ये ‘कीपर’च्याच नावाने तिसरा भाग, जोड-अल्बम म्हणून काढला, तेव्हा जगभरच्या श्रोत्यांचा एक गट नाव विकून खाल्लं म्हणून चिडला. कॅसेटच्या दुकानात वाढलेल्याला त्यात चिडण्यासारखं काय, हे पहिल्यांदा कळायचं नाही.

लंडनच्या ड्रॅगनफोर्सची गोष्ट याच्या उलट. त्यांच्या २००६च्या अल्बममधलं ‘थ्रू द फायर अँड फ्लेम्स’ हे गाणं ‘गिटार हीरो ३’ या व्हिडिओ गेममध्ये २००७ साली सगळ्यात अवघड गाणं म्हणून आलं. मेटलशी काही देणंघेणं नसलेल्या लाखो पोरांनी ते ऐकलं. पुढच्याच वर्षी ‘अल्ट्रा बीटडाउन’ आला आणि त्याला दोन वेगवेगळे श्रोतृवर्ग सामोरे गेले. गेमवरून आलेल्यांना तेच गाणं पुन्हा हवं होतं. २००३पासून ऐकणाऱ्यांना ‘तेच पुन्हा’ याचाच कंटाळा आला होता. बँडने वेग जरा उतरवून एक-दोन संथ गाणी घातली. एका गटाला ती कमी पडली, दुसऱ्याला जास्त झाली. ग्रॅमीचं नामांकन मिळालं, तरी हा वाद मिटला नाही. स्टुडिओत गिटार वेगात बसवतात, स्टेजवर हात चुकतात, ही शंका बँडवर आधीपासूनच घेतली जायची. ती पुढेही राहिली. सगळी गाणी सारखी वाटतात, ही तक्रार मला पटते. पण ती दुसऱ्या अल्बमवर करायची की पहिल्याच? सारखेपणा त्यांच्यात पहिल्या दिवसापासून आहे.

ब्राझीलच्या आंग्राबद्दल थोडक्यात. १९९३चा ‘एंजल्स क्राय’ युरोपी पद्धतीचा, तर १९९६चा ‘होली लँड’ पोर्तुगीज आले त्या काळच्या ब्राझीलवर बेतलेला, त्यात तिथले ताल आणलेले. वेग कमी झाला म्हणून नाराज झालेले होतेच, पण आज त्यांचं नाव घेताना आधी आठवतो तो ‘होली लँड’. हे लक्षात ठेवायचं, कारण स्थानिक ताल आणावेत का, हाच प्रश्न मुंबईच्या बँडच्या बाबतीतही परत येतो.

महाराष्ट्रात अस्सल पॉवर मेटलचा मोठा बँड उभा राहिला नाही. सगळ्यात जवळ जातो तो साहिल मखिजाचा डेमॉनिक रेझरेक्शन. २०००मध्ये मुंबईत सुरू झालेला. डेथ आणि ब्लॅक मेटलच्या गुरगुरीत मोकळ्या आवाजाची ध्रुपदं आणि कीबोर्डचे पडदे मिसळलेले. ही दुसरी बाजू सरळ पॉवर मेटलकडून आलेली. बँड स्वतःच्या संगीताला ‘डेमॉनिक मेटल’ म्हणतो. पहिला अल्बम त्याच वर्षीचा, ‘डेमॉनस्टीलर’. पण बहुतेकांनी पहिला मानला तो २००५चा ‘अ डार्कनेस डिसेंड्स’. मग २००७मध्ये छोटा ‘बियाँड द डार्कनेस’ आणि २०१०मध्ये ‘द रिटर्न टू डार्कनेस’, असं अंधाराचं त्रिकूट पुरं झालं. दरम्यान वादक बदलले. त्रिकुटातला शेवटचा अल्बम देशाबाहेर कँडललाइट या कंपनीमार्फत गेला, आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या मेटल हॅमर मासिकाच्या गोल्डन गॉड्स सोहळ्यात बँडला जागतिक मेटलचा पुरस्कार मिळाला.

२००५ ते २०१० ही पाच वर्षं मुंबईच्या श्रोत्याने रिकामी काढली नाहीत. धोबीतलावचं रंगभवन हे कार्यक्रमांचं ठिकाण शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तोवर हातचं गेलं होतं, पण १९८६पासून चालत आलेला इंडिपेन्डन्स रॉक महोत्सव होता, आयआयटी पवईच्या मूड इंडिगोसारखे कॉलेजचे महोत्सव होते, अंधेरी-जुहूकडचे छोटे कार्यक्रम होते. नवीन गाणी आधी तिथे वाजायची. १ फेब्रुवारी २००८ला आयर्न मेडनने आपला जगाचा दौराच वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. माझ्या अंदाजाने त्या एका संध्याकाळी मुंबईत मेटल ऐकणाऱ्यांची एक नवी फळी तयार झाली. त्यामुळे ‘द रिटर्न टू डार्कनेस’ निघाला तेव्हा तिथल्या पुष्कळांना त्यातली काही गाणी पाठ होती. त्यांनी अल्बमची तुलना केली ती आपण धक्काबुक्कीत ऐकलेल्या गाण्याशी. म्हणून त्यांच्या बोलण्यात ‘आवाज फार धुऊन-पुसून काढलाय’, ‘ड्रम मशीनसारखे लागतात’, ‘स्टेजवर हे जास्त जड वाजतं’ अशी वाक्यं यायची. २००५च्या अल्बमचा ओबडधोबडपणा त्यांना प्रिय होता, कारण तो त्यांच्या आठवणीतल्या स्टेजच्या जास्त जवळ होता.

नांदगावच्या श्रोत्याकडे स्टेजच नव्हतं. संध्याकाळचा कार्यक्रम गाठायचा तर दुपारीच गाडी पकडायची आणि परतीला रात्रीच्या गाडीत दाराशी बसून पहाटे उतरायचं. असं किती जण करणार? त्याच्यासाठी अल्बम हाच सगळा पुरावा. त्यामुळे त्याला ‘द रिटर्न टू डार्कनेस’चा स्वच्छ आवाज आवडला. गिटारीच्या दोन ओळी सुट्या ऐकू येतात, कीबोर्ड मागे कुठे आहे ते कळतं, साध्या हेडफोनवरही काही हरवत नाही. आणि पाच वर्षांचं अंतर? फोल्डरात ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ वर, ‘द रिटर्न टू डार्कनेस’ खाली, मध्ये एका क्लिकचं अंतर. बँडने फार वेळ घेतला, ही मुंबईकरांची तक्रार आम्हाला ऐकून कळली, जाणवली कधीच नाही.

तिसरा श्रोता परदेशी. त्याला भारतातला बँड म्हटलं की सतार-तबला ऐकायचा असायचा, आणि हे लोक तर नॉर्वे-इंग्लंडसारखंच वाजवतात म्हणून तो कधी थक्क व्हायचा, कधी हिरमुसायचा. इथल्या श्रोत्याची कसोटी नेमकी उलटी: ‘बाहेरच्यासारखं’ वाजलं म्हणजे जमलं. एकाच अल्बमवर एकाच कारणासाठी शाबासकी आणि निराशा. २०१७मध्ये बँडने ‘दशावतार’ काढला, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेक गाणं, त्यात भारतीय वाद्यंही. बाहेरच्या अनेकांना हवं होतं ते मिळालं. गावात मेटल न ऐकणाऱ्यालाही पहिल्यांदाच गाण्यांची नावं वाचता आणि समजता आली. पण दशावतार महाराष्ट्रात वाटतो तितका सरळ विषय नाही. नववं नाव बुद्धाचं. आपल्या जुन्या पंचांगांच्या आणि देवळांतल्या दशावतारांत नवव्या जागी पुष्कळदा विठ्ठल उभा असतो. आणि १९५६मध्ये नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही असं स्पष्ट म्हटलंय. नांदगाव-मनमाडकडचा एखादा श्रोता त्या नवव्या गाण्याशी थबकला तर त्याचा गिटारीशी संबंध नाही. मुंबईच्या इंग्रजी मेटल वर्तुळात हा मुद्दा कुणाच्या ध्यानीमनीही आला असेल असं मला वाटत नाही.

दिल्लीच्या ब्लडीवूडकडे पाहिलं तर श्रोता आता कसा बदललाय ते दिसतं. त्यांचा ‘रक्षक’ २०२२चा, ‘नू दिल्ली’ २०२५चा. पॉवर मेटल नाही, ढोल-बासरीचं लोकमेटल. पण दुसऱ्या अल्बमवरची कुजबुज ओळखीची: धार कमी झाली, नाही, उलट गाणी नेटकी झाली. फरक एवढाच, की मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये बँडचं पान उघडलं की नवा अल्बम वर दिसतो आणि त्याच्याही वर सगळ्यात जास्त ऐकलेली पाच-दहा गाणी. इंग्रजी मुळाक्षरं गेली, आता क्रम गर्दी ठरवते. आजच्या कॉलेजातल्या पोराला दोन अल्बमची तुलना कर म्हटलं तर तो आधी विचारतो, हे गाणं कुठल्यातलं?

उरला माझा निकाल. डेमॉनिक रेझरेक्शनच्या दोन अल्बमांत मला २०१०चा जास्त आवडतो. गाणी लांब आहेत पण भरकटत नाहीत, ‘द अनरिलेंटिंग सर्ज ऑफ व्हेन्जन्स’सारख्या गाण्यात वेग आणि चाल दोन्ही सांभाळले जातात. मोकळ्या आवाजातली ध्रुपदं मात्र मला अजून खटकतात. किस्केला आधी ऐकून आलेल्या कानाला तिथे आवाज पोचावा तिथवर पोचल्यासारखा वाटत नाही. मखिजाची गुरगुर पक्की, सूर थोडा ताणलेला. माझ्या मुंबईच्या मित्राला हे अजिबात मान्य नाही. तो म्हणतो, त्या ओळी गर्दीने गायच्या आहेत, एकट्याने हेडफोनवर ऐकायच्या नाहीत, आणि २००५चा अल्बमच खरा. त्याने तो त्या वर्षी सीडीवर विकत घेतला होता. मी दोन्ही अल्बम एकाच रात्री कॉपी करून घेतले, आणि ऐकायला सुरुवात केली ती खालच्यापासून.